माळ पडीक नसतो, हे ग्रामसभेत कोणत्या तोंडाने सांगू?

बुराईकाठ
नमस्कार मंडळी. एरवी वाचनमात्र असतो, आज गरजेपोटी धागा काढतोय.

गाव शिंदखेडा तालुक्यात. पाऊस आला तर आला, नाहीतर टँकर. गावाच्या उत्तरेला माळ आहे. ऐंशीएक एकर गायरान आणि त्याला लागून आमचे सहा एकर, सातबाऱ्यावर पोटखराबा म्हणून पडलेले. मे महिन्यात पाहिलंत तर म्हणाल, इथे सरडासुद्धा उपाशी मरेल. पण जूनमध्ये दोन सरी नीट पडल्या की पंधरा दिवसांत पवन्या आणि मारवेल गवत गुडघ्याला लागतं. पावसाळा सरला की ठेलारी मेंढरं घेऊन निघतात आणि जाता जाता आठ-दहा दिवस इथेच वाडा टाकतात. लहानपणी त्या दिवसांत आमच्या घरी लोकरीचा वास यायचा, कारण त्यांची म्हातारी ताक न्यायला ओसरीवर येऊन बसायची.

आता सौर प्रकल्पवाले आलेत. गायरानाचा ठराव ग्रामसभेत यायचाय आणि आमच्या सहा एकरांसाठी वडिलांना स्वतंत्र विचारणा आहे. एकरी वर्षाला पन्नास हजार, तीस वर्षांचा भाडेपट्टा. वडील म्हणतात, "दगडाले एवढा पैसा कोन दी?" मी म्हटलं, माळ जाईल. तर म्हणाले, "तू पुण्यात एसीत बसून माळ बघतोस."

उत्तर सुचलं नाही. ग्रामसभा पंधरा दिवसांवर आहे. जावं की नाही, आणि गेलो तर काय बोलावं?

फौजदारी_डाळ
वर्षाला तीन लाख, काम शून्य, आणि तुम्ही प्रश्न विचारताय? वडिलांचा नंबर व्यनि (खाजगी निरोप) करा. मी दत्तक जायला तयार आहे.

सुरत_रिटर्न
धागाकर्ते, राग मानू नका, पण वडील बरोबर आहेत.

मी नंदुरबारचा. अकरा वर्षं सुरतेत काढली, पॉवरलूमवर. उधना, लिंबायत, डिंडोलीत फिरून बघा, अर्ध्या गल्ल्यांत अहिराणी ऐकू येते. ती माणसं काही गुजरातच्या प्रेमापोटी गेली नव्हती. आपल्याकडे कापूस पिकतो आणि कापड तिकडे विणलं जातं, एवढंच कारण. आमच्या बॅचचे बावीस जण होते, त्यातले गावात तीन उरले. त्यातल्या एकाची पानटपरी आहे.

मनमाड-इंदूर रेल्वेची मागणी आमच्या आजोबांपासून ऐकतोय. मंजुरी मिळायला सप्टेंबर 2024 उजाडलं, 309 किलोमीटर, 18,036 कोटी. धुळ्याजवळ औद्योगिक कॉरिडॉर, नरडाण्याला उद्योग, हे बोर्ड वाचता वाचता माझे केस पिकले. आता कुठे काही हलतंय, तर लगेच "निसर्ग, निसर्ग". निसर्ग आधीही होताच की. त्याने कोणाला गावात थांबवलं?

खेडूत_पदवीधर
+1. पोट भरलेल्यालाच गवत हिरवं दिसतं.

चिऊताई
@सुरत_रिटर्न, पोटाचा मुद्दा मान्य. पण आधी त्या "पडीक" शब्दाकडे बघू या. ज्या जमिनीवर सारा बसत नाही ती कामाची नाही, हा हिशेब इंग्रजी महसूल खात्याचा. आपण तो सातबाऱ्यावर जपून ठेवलाय. माळावर झाड नाही म्हणून त्याला जंगलाचा मान मिळत नाही आणि पीक नाही म्हणून शेताचाही नाही. पण लांडगा, खोकड, ससा, धाविक, चंडोल ही सगळी माळाचीच प्रजा. त्यांना दाट जंगलात नेऊन सोडलं तर ती जगणार नाहीत. "त्याबदल्यात दुसरीकडे झाडं लावू" हे म्हणणं इथे चालत नाही ते त्यामुळेच. माळाच्या बदल्यात झाडं म्हणजे मासा हरवला म्हणून पोपट आणून देणं.

दर शनिवारी पहाटे मी माळावर असते. चंडोल जमिनीवरून सरळ वर चढतो आणि वर थांबून गात राहतो. मान दुखेपर्यंत बघत राहिलं तरी दिसत नाही, नुसता आवाज येतो. त्याचं घरटं मात्र खाली गवताच्या बुडाशी, बैलाच्या खुराएवढ्या खळग्यात.

आणि प्रामाणिकपणे एक कबुली. हिवाळ्यात मी पक्षी बघायला हतनूरला जाते. ते धरण आहे, माणसाने बांधलेलं. गाळ साचून उथळ झालं आणि परदेशी बदकांची सोय झाली. म्हणजे विकासाने निसर्ग मेलाच, असंही दरवेळी होत नाही. मला पाठ झालेलं उत्तर देता येत नाही, एवढंच.

फौजदारी_डाळ
मासा आणि पोपट, हहपुवा (हसून हसून पुरेवाट).

चोपडेकर_रातपाळी
सगळे माळावर बोलताय, विजेवर कोणीच बोलत नाही.

आमच्याकडे शेतीची लाईट आठवड्याच्या पाळीने येते. रात्रीची पाळी म्हणजे बारानंतर. जानेवारीत, गव्हाच्या भरणीला, थंडीत अंगावर पोतं घेऊन बारं द्यायला जाऊन बघा. सातपुड्याच्या पायथ्याला बिबट्या आहे. मागच्या वर्षी माझ्या बॅटरीच्या झोतात दोन डोळे चमकले. मी मोटर चालू ठेवून तसाच पळालो आणि सकाळी पाणी शेजारच्याच्या हरभऱ्यात. त्या हरभऱ्यावरून जे भांडण झालं ते अजून मिटलेलं नाही.

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना यासाठीच आहे, सबस्टेशनजवळ सौर प्रकल्प आणि शेतकऱ्याला दिवसा वीज. खाजगी जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख भाडं, त्यात दरवर्षी 3 टक्के वाढ, आणि ग्रामपंचायतीला तीन वर्षांत 15 लाख. धागाकर्त्यांच्या वडिलांना मिळणारा आकडा तोच दिसतोय. म्हणजे फसवणूक नाही. चंडोल गातो ते छानच, पण तो दिवसा गातो. मी रात्री जागतो.

चिऊताई
@चोपडेकर_रातपाळी, निरुत्तर. खरंच.

मी_साक्रीकर
आमच्या तालुक्यात दोन्ही बघून झालंय. ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या आणि शिवाजीनगरला 125 मेगावॉटचा सरकारी सौर प्रकल्प, तो 2013 मध्ये सुरू झाला. त्यामुळे थोडं अनुभवाचं बोलतो.

पवनचक्क्या आल्या तेव्हा गावात पहिल्यांदा डांबरी रस्ता आला, हे खरं. पण कंपनी यायच्या आधी दलाल आले होते. त्यांना नकाशा माहीत होता, आम्हाला नव्हता. आमच्या चुलत्यांनी जमीन विकली ती मोटरसायकलच्या भावात. दोन वर्षांनी त्याच तुकड्याचा आकडा ऐकून ते तीन दिवस जेवले नाहीत. कोणाचं नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही.

नंतर शेजारच्या गावात सौरवाल्यांचं कुंपण पडलं. खरा त्रास पॅनेलचा नाही हो, कुंपणाचा आहे. माळावर कागदावर रस्ता नसतो, पायाखालचा असतो. तारेची जाळी पडली आणि बायांचा नाल्याकडे जायचा रस्ता गेला. आता दीड किलोमीटर वळसा. करारात तो रस्ता नव्हता, कारण नकाशातच नव्हता. आणि नोकऱ्या? बांधकाम चालू होतं तोवर दोनशे माणसं. काम संपल्यावर दोन वॉचमन आणि पॅनेल धुणारे चार. पॅनेल धुवायला पाणी लागतं, आणि ते कुठून येतं? बोअरमधून. गावाला टँकर आणि पॅनेलला आंघोळ.

तरी मी "देऊ नका" म्हणत नाही. करार वाचा, मराठीत मागा, मेंढरांची वाट गट नंबरासकट लिहून घ्या, पाणी कुठलं वापरणार ते लिहून घ्या, तीस वर्षांनी खांब आणि काँक्रीट कोण उपटणार तेही. शिंदखेडा तालुक्यातच विखरणच्या शेतकऱ्याने वीज प्रकल्पाला गेलेल्या जमिनीच्या मोबदल्यासाठी खेटे घालून शेवटी जानेवारी 2018 मध्ये मंत्रालयात विष घेतलं, हे तुम्हाला मी सांगायला नको. तो माणूस प्रकल्पाच्या विरोधात नव्हता. शेजाऱ्याच्या आणि त्याच्या मोबदल्यात एवढी तफावत का, एवढंच विचारत होता.

अमळनेरकर_मावशी
हायवे चौपदरी झाला तेव्हाचं सांगते. माहेर हायवेलगत, पारोळ्याकडे. फाट्यावर सात निंब होते, ओळीत. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी गेलं की तिथेच झोके. गौराईची गाणी म्हणत आम्ही मोठ्या बाया पण चढायचो, एका झोक्यावर दोघी उभ्या. येणारे ट्रकवाले हॉर्न वाजवायचे.

सातही निंब एका आठवड्यात गेले. आता माहेर दोन तासांवरून सव्वा तासावर आलं. लेकीला म्हटलं, चल आखाजीला. ती म्हणाली, आई, तिथे करायचं काय? भाचीने पत्र्याच्या शेडच्या अँगलला दोर बांधून दिला होता. मी बसले. कर्र कर्र वाजत होतं.

रस्ता नको होता असं नाही. भावाला झटका आला तेव्हा त्याच रस्त्याने धुळ्याला वेळेत पोचला.

खेडूत_पदवीधर
मावशी, __/\__

इंजिनियर_तात्या
पाटबंधारे खात्यात तीस वर्षं घालवली, म्हणून माझं पाणीपुराण सहन करा.

पांझरेवरची फड पद्धत नव्या पिढीला ठाऊक नसेल. नदीवर बंधारा, त्यातून पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे तीन-चार मोठे भाग. त्या भागाला फड म्हणायचे. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, उसाचा फड तर सगळा ऊस. देखरेखीला पाटकरी, जागल्या, हवालदार, आणि वर पंच. तीनशे वर्षांहून जास्त काळ हे चाललं, सरकारने न सांगता.

यातली खरी गंमत टंचाईच्या वर्षात कळते. पाणी कमी असेल तर पंच ठरवायचे, यंदा अमुक फड कोरडा. आणि प्रत्येकाचा तुकडा बहुतेक सगळ्याच फडांत असायचा. म्हणजे कोरडा फड सगळ्यांचाच थोडा थोडा कोरडा. एक बुडाला आणि दुसरा तरला, असं नाही.

धागाकर्त्यांच्या प्रश्नाशी संबंध असा: गायरान गेलं तर तोटा कोणाचा? ठेलाऱ्याचा, आणि ज्याला शेत नाही पण दोन शेळ्या आहेत त्याचा. फायदा कोणाचा? ग्रामपंचायतीचा आणि माळाला लागून जमीन असलेल्यांचा. सरकारी जमीन नाममात्र भाड्याने जाते, खाजगीला पन्नास हजार. फडाच्या हिशेबाने बघितलं तर ही वाटणीच चुकीची आहे. प्रकल्प नव्हे, वाटणी.

अजून एक. गायरान ही गावाच्या गुरांची राखीव जागा आहे, जमीन महसूल संहितेच्या कलम 22 खाली. सर्वोच्च न्यायालयाच्या 2011 च्या निकालानंतर 12 जुलै 2011 चा शासन निर्णय निघाला, तो ग्रामसेवकाकडून मागून वाचा. सार्वजनिक कामाची वाट त्यात आहे, पण "पडूनच होतं" हे कारण त्यात कुठेही नाही.

फौजदारी_डाळ
तात्या, खात्यात होतात तर पाडळसे धरण कधी पूर्ण होणार तेवढं सांगा. आमचे आजोबा विचारायचे.

इंजिनियर_तात्या
@फौजदारी_डाळ, म्हणूनच निवृत्त झालो.

केळीवाला_रावेर
मी बागायतदार. म्हणजे या धाग्यावर सगळ्यांनी ज्याला शिव्या द्यायच्या तो.

जळगावच्या केळीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. रावेर-यावल म्हटलं की हिरवंगार, लोक रेल्वेतून फोटो काढतात. मीही दाखवतो पाहुण्यांना. पण ते हिरवं कुठून येतं? वडिलांनी विहीर खणली तेव्हा साठ फुटांवर पाणी. माझा बोअर सातशे पार. सातपुड्याच्या पायथ्याला दगडगोट्यांचा बझाडा पट्टा आहे. पाणी पोटात मुरवायला निसर्गाने दिलेला माठच तो. आम्ही दोन पिढ्या उपसत राहिलो. भरायचं कोणी? तापीच्या पुराचं पाणी त्या पट्ट्यात सोडायचा मेगा रिचार्ज प्रकल्प आहे, मध्य प्रदेशाशी करार मे 2025 मध्ये झाला. पाणी कधी येईल ते येईल.

सांगायचं काय, तर निसर्ग आणि विकास हे भांडण नुसतं कंपनी विरुद्ध गाव असं नाही. माझ्या बागेने आमची नाले-जंगलाची शीव खाल्ली. बांधावरचे निंब मीच तोडले, सावलीने घड बारीक राहतो म्हणून. मग मे महिन्यात गरम वारा सुटला आणि पानं फाटून चिंध्या झाल्या. आता त्याच बांधावर वारा अडवायला हिरवी नेट लावतो. विकत.

सुरत_रिटर्न
@केळीवाला_रावेर, तुमच्यासारखं खरं बोलणारा बागायतदार पहिल्यांदा भेटला.

भरीतप्रेमी
रावेर-यावलचा विषय निघालाच आहे तर, बामणोदची वांगी यंदा कधी सुरू होतील?

अमळनेरकर_मावशी
थंडी पडू दे रे. आणि गॅसवर भाजू नकोस. कपाशीच्या काड्या, नाहीतर तुराट्या. लाकडी बडगीत मिरची-लसूण ठेचून, वर कांद्याची पात. कळण्याची भाकरी.

भरीतप्रेमी
मावशी, फ्लॅटमध्ये तुराट्या पेटवल्या तर सोसायटीवाले मलाच भाजतील.

फौजदारी_डाळ
बुराईकाठच्या माळावर जाऊ. पॅनेल लागायच्या आत.

संपादक
भरीताचा वेगळा धागा आहे, कृपया तिथे. विषयावर या.

नर्मदाकाठ
उशिरा लिहितोय, इकडे रेंज डोंगर चढल्यावर येते. धडगाव तालुक्यात शिक्षक आहे.

सरदार सरोवरात महाराष्ट्राची 33 गावं बाधित झाली, सगळी अक्राणी (म्हणजे आमचं धडगाव) आणि अक्कलकुवा तालुक्यांतली. त्या धरणाच्या विजेत महाराष्ट्राचा वाटा 27 टक्के. माझ्या पहिल्या शाळेच्या पाड्यावर मी रॉकेलच्या दिव्यात पेपर तपासलेत, समोर अथांग पाणी. चौथीतल्या एका मुलाने विचारलं होतं, "गुरुजी, वीज पाण्यातून काढतात ना? मग आपल्याकडची कोणी काढून नेली?" मी म्हटलं, उद्या सांगतो. बदली झाली, ते राहूनच गेलं.

इथे निदान पेसा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांचा कायदा) आणि वनहक्क कायदा आहे, ग्रामसभेला विचारावं लागतं. तरी कागद आधी सह्या होऊन येतात आणि मग सभा भरते. बुराईकाठ, तुम्ही विचारलंत जावं का. जा. बोलायचं नसेल तर मागे बसा, पण ठराव वाचून दाखवायला लावा. पूर्ण. आमच्याकडे एकदा तेवढ्यानेच सभा दोन महिने पुढे गेली.

आणि मेंढरंवाल्यांना बोलावलंय का कोणी?

मी_साक्रीकर
हा प्रश्न विसाव्या-एकविसाव्या प्रतिसादात यावा, यातच सगळं आलं. मीही विसरलो होतो. आमच्याच तालुक्यात बारीपाड्याच्या लोकांनी चारशे हेक्टरांहून जास्त जंगल राखलं, चैत्राम पवारांना 2025 मध्ये पद्मश्री जाहीर झाली. ते जमलं कारण जंगलात जाणारा माणूसच सभेत बसलेला होता. नियम त्याचाच, दंडही त्यालाच.

सुरत_रिटर्न
ठेलारी मतदार नाहीत ना त्या गावचे. कोण बोलावणार?

बुराईकाठ
नाही बोलावलेलं. मलाही सुचलं नव्हतं. वडिलांना फोन करतो.

बुराईकाठ
मंडळी, ग्रामसभा झाली. दोन दिवस लिहायला वेळच नाही मिळाला.

वडिलांना ठेलाऱ्यांबद्दल विचारलं तर म्हणाले, नंबर आहे माझ्याकडे. वीस वर्षं दरसालची ओळख, आणि नंबर आहे हे मला माहीत नव्हतं! दोघं आले. एक सत्तरीचे, दुसरा त्यांचा नातू, मोबाइलवर माळाचा व्हिडिओ घेऊन. सभेला कोरम होता हेच गावात नवल. सरपंचांनी आधी पंधरा लाखांचं सांगितलं, टाळ्या पडल्या. मग मी ठराव पूर्ण वाचायला लावला. क्षेत्राच्या जागी "संपूर्ण" लिहिलेलं होतं.

म्हातारबाबा उठले. मला वाटलं विरोध करतील. ते म्हणाले, "पच्छिमले मुरूम काढी काढी खड्डा करेल शेतस, तठे गवत येत नही. तठे लावा ना काचा. आम्हले फक्त वाट द्या आनि पानवठा ठेवा." हायवेच्या वेळी ठेकेदाराने मुरूम नेला होता तो भाग. जवळपास वीस एकर. मी लहानपणापासून तो माळ बघतोय, पण कुठे गवत येतं आणि कुठे नाही हे कधी पाहिलंच नव्हतं. ते खड्डे बुजवायचा खर्च कोणाचा, यावर अर्धा तास आरडाओरडा झाला. शेवटी ठरलं ते एवढंच: कंपनीने त्या वीस एकरांचा वेगळा आराखडा आणावा, चाळीस फुटांची वाट आणि पाणवठा सोडून, मग पुढची सभा. वीस एकरांत त्यांचं भागेल का, माहीत नाही. इंजिनियर म्हणाला, मेगावॉटला चारएक एकर लागतात, वर विचारून सांगतो. रातपाळीवाल्या आमच्या गावकऱ्यांनी मला चांगलंच झापलं, लाईट आता तुझ्यामुळे लांबली म्हणून. लांबली असेल.

वडिलांनी सहापैकी चार एकर द्यायचं कबूल केलं. दोन ठेवले. विहिरीजवळचे, निंबाखालचे. मी म्हटलं, बरं केलंत, झाड वाचलं. तर म्हणाले, "झाडनं काय लई बसना? शेळ्या कुठे बांधू मी?"

मोजणी अजून व्हायचीय.

चोपडेकर_रातपाळी
झापलं ते बरोबरच. पण वीस एकरांवर पाच मेगावॉट बसतात. आमच्या फीडरला तेवढे पुरेसे झाले असते. पाठपुरावा सोडू नका.

अमळनेरकर_मावशी
निंब किती मोठा आहे? दोन दोर बसतील?

बुराईकाठ
मावशी, चार बसतील. आखाजीला या.

फौजदारी_डाळ
म्हणजे तीनाचे दोन लाख झाले. दत्तक जायचा बेत तूर्त स्थगित. भरीताचा मात्र नाही. संपादकांनी डोळे मिटावेत.

बुराईकाठ
या की. वांगी तेवढी बामणोदहून आणा, आमच्याकडची पाणचट असतात.